अत्तार आडनाव आणि अत्तराचा धंदा

आपल्या तालुक्यात अत्तार आडनावाची घरं मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत. कुणाचं मोबाईलचं दुकान आहे, कुणाचा टेम्पो आहे, एक झेडपीचे गुरुजी आहेत, एक वकील आहेत. अत्तर विकणारं घर मात्र एकच उरलंय, तेही ईद आणि दिवाळीपुरतं. आडनाव राहिलं, धंदा गेला. असं कुंभार, सुतार, तांबोळी सगळ्यांचंच झालं म्हणा. पण अत्ताराच्या बाबतीत मला वेगळा प्रश्न पडला, म्हणून हा लांबलचक मजकूर. वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी शब्दाचं बघू. अरबीत सुवासाला इत्र आणि तो विकणाऱ्याला अत्तार. इत्राचं आपण अत्तर केलं आणि अत्ताराला अत्तारच ठेवलं. हा माणूस नुसता वास विकत नसे. जडीबुटी, चूर्णं, काढे, सुरमा सगळं त्याच्याकडे. बाराव्या शतकात निशापूरला होऊन गेलेले फारसीतले थोर सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार, त्यांचं नाव याच धंद्यावरून पडलं. आपल्याकडे हिंदीत गंधी आणि गुजरातीत गांधी म्हणतात तोही हाच. सुगंधी वस्तू, औषधं, किराणा विकणारा. म्हणजे राष्ट्रपित्याचं आणि आपल्या टेम्पोवाल्या अत्तारांचं आडनाव एकाच दुकानातून आलेलं आहे. व्हॉट्सअॅपवर इतिहास शिकणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

त्या एका उरलेल्या घरातल्या चाचांना मी विचारलं, तुमच्या आजोबांना अत्तर काढता यायचं का? चाचा हसले. म्हणाले, "पत्रकार, आम्ही नुसतं विकलं. काढणारे कन्नौजचे. आमच्या आज्यानंबी मुंबईहूनच माल आणला." त्यांच्या पेटीत कुंकू, बुक्का, उदबत्ती असायची, पंढरीच्या वाटेवरच्या गावांतून त्यांचं फिरणं असायचं. कोणतं अत्तर कोणत्या ऋतूत, कापसाचा फाया कानात कसा ठेवायचा, वाळा उन्हाळ्यात आणि शमामा थंडीतच का, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पण देगेला हात लावलेला नाही.

म्हणजे हा पेशा मुळातच दुभंगलेला आहे. विकणारा वेगळा आणि काढणारा वेगळा. नाव विकणाऱ्याला मिळालं. काढणाऱ्याला काय मिळालं?

कन्नौज उत्तर प्रदेशात, गंगेच्या काठच्या पट्ट्यात. सातव्या शतकात हर्षवर्धनाची राजधानी. आज तिथे तांब्याच्या देगा पेटतात. पद्धतीला देग-भपका म्हणतात आणि ती समजून घेण्यासारखी आहे. विटांच्या भट्टीवर तांब्याचा मोठा हंडा, तो देग. त्यात फुलं आणि पाणी. झाकणाच्या कडा माती आणि कापसानं लिंपून बंद करायच्या. झाकणातून एक बांबूची नळी तिरकी खाली उतरते, तिच्यावर दोरी गुंडाळलेली, तिला चोंगा म्हणतात. ती नळी दुसऱ्या तांब्याच्या भांड्यात जाते. हे भांडं म्हणजे भपका. तो थंड पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ खाली येते, निवते, फुलाचा वास चंदनात मुरतो. दुसऱ्या दिवशी खाली साठलेलं पाणी काढून टाकायचं, तेच तेल पुन्हा भपक्यात, देगेत नवी ताजी फुलं. असं पंधरा-पंधरा दिवस, चंदन पुरतं भरून येईपर्यंत. शेवटी उंटाच्या कातड्याच्या बुधल्यात भरून ठेवायचं. तिला कुप्पी म्हणतात. कातड्यातून उरलंसुरलं पाणी उडून जातं, वास आतच राहतो.

यात थर्मामीटर कुठे नाही. जाळ लाकडाचा आणि शेणीचा. भपक्याभोवतीचं पाणी किती तापलं ते कारागीर हात घालून बघतो, देगेच्या आतला आवाज कान देऊन ऐकतो. जाळ जास्त झाला तर देगेवर ओलं फडकं फिरवतो. फूल करपलं की चंदनाचं सगळं तेल वाया. आणि चंदनाचं तेल काय भावाचं असतं ते सांगायला नको. म्हणजे मालकाची तिजोरी त्या माणसाच्या तळहातावर ठेवलेली असते. गुलाब, मोगरा, केवडा, वाळा, प्रत्येकाचा जाळ वेगळा. वाळ्याचा शुद्ध अर्क, ज्याला रूह खस म्हणतात, हिरवा दिसतो तो तांब्याच्या भांड्यामुळे. केवडा तर कन्नौजला येतच नाही, तो ओडिशात गंजम जिल्ह्यातच काढावा लागतो, कारण फूल तोडल्यावर थांबत नाही.

याच भट्ट्यांवर मातीचं अत्तरही निघतं. भाजलेल्या मातीचे तुकडे देगेत घालून त्याची वाफ चंदनात उतरवतात. वळवाच्या पहिल्या पावसाचा वास, बाटलीत. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात या वासाचं कारण मांडलं आणि त्याला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं. त्यांच्या लेखात भारतातल्या मिट्टी अत्तराचा उल्लेख आहे. आता कुठल्याही इन्स्टाग्रामवाल्याला पेट्रिकोर माहीत असतो. जो वास शास्त्राला शब्द सापडायच्या आधीच बाटलीत भरून विकला जात होता, तो पहिल्यांदा भरणाऱ्या कारागिराचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही.

नावाचा हा घोळ फार जुना आहे. अकबराच्या दरबारात खुशबूखाना नावाचं स्वतंत्र खातंच होतं, आईन-ए-अकबरीत त्याची व्यवस्था, पदार्थ, भाव सगळं लिहिलेलं आहे. खात्याचा प्रमुख कोण होता तेही आहे, शाह मन्सूर. पुढे जहांगीरानं आपल्या आठवणीत लिहून ठेवलं की गुलाबाचं अत्तर शोधलं ते नूरजहाँच्या आईनं, अस्मत बेगमनं. गुलाबपाणी करताना भांड्यावर तवंग आला, तिनं तो थोडा थोडा गोळा केला, वास असा की तळहातावर एक थेंब चोळला तर सगळी बैठक दरवळून जावी. त्याला इत्र-ए-जहांगीरी नाव दिलं गेलं, बेगमेला मोत्यांची माळ मिळाली. गोष्ट खोटी म्हणायचं कारण नाही. पण ते गुलाबपाणी उकळत कोण होतं? बेगम चुलीपुढे बसल्या नसणार.

याच बादशाहीच्या नावावर आपण मराठी माणसं एक म्हण वापरतो, "बूंद से गई वो हौद से नहीं आती". पुष्कळ जण ही म्हण अब्रू या अर्थानं म्हणतात आणि तो थेंब अत्तराचा होता हे विसरून जातात. गोष्ट अशी सांगतात की बादशहाच्या हातून अत्तराचा थेंब गालिच्यावर पडला आणि तो त्यानं बोटानं टिपून घेतला. बिरबलानं ते पाहिलं. कंजूषपणा दिसला म्हणून बादशहानं दुसऱ्या दिवशी अत्तराचा हौद भरला आणि लोकांना लुटू दिला. तेव्हाचं बिरबलाचं हे वाक्य. दंतकथाच ती. अत्तराचे दिवे लावणाऱ्यांचंच नाव होतं, एवढं मात्र तिच्यातून नीट कळतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोगलांचं आणि उत्तरेचं, आपलं काय? तर आपलं आहे, आणि बरंच आहे.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्ती नावाचा एक अध्याय आहे. केसांना लावायची तेलं, धूप, स्नानाचं सुगंधी पाणी, चाफ्याच्या वासाचं तेल, सगळं त्यात आहे. सोळा पदार्थ दिले आहेत आणि त्यातले चार-चार घेतले तर किती प्रकार होतील याचा हिशेब दिलाय, १८२०. बारावीच्या गणितात कॉम्बिनेशन शिकलेल्यांनी करून बघावं, बरोबर येतं. मग प्रत्येकाचं प्रमाण बदलत गेलं की आकडा लाखाच्या घरात जातो. त्या पदार्थांत नागरमोथा आहे, वाळा आहे, तगर, अगरू, कापूर, चंदन आहे. धने आहेत. दवणा आहे, आपण जोतिबाला वाहतो तोच. दिवाळीत तरुण मंडळाची पोरं दारोदार उटण्याची पाकिटं विकतात ना, त्याच्या मागची यादी वाचा. नागरमोथा, वाळा, चंदन, कचोरा, गवला. दीड हजार वर्षांचं दुकान आहे ते, फक्त पाकिटावर नगरसेवकाचा फोटो आलाय.

आता खरी गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखला १८९१ मध्ये जन्मलेले परशुराम कृष्ण गोडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत हस्तलिखितांचे क्युरेटर होते. हा माणूस आयुष्यभर पोथ्यांत बसला आणि तांबूल, जिलबी, नथ, फटाके असल्या 'किरकोळ' गोष्टींचा इतिहास लिहीत राहिला. राजेरजवाड्यांच्या इतिहासाला तोटा नव्हता, यांनी जिलबी घेतली. मला तर हे थोरपणच वाटतं. तर गोड्यांना एक पोथी मिळाली, तिच्यात दोन ग्रंथ होते. एक गंगाधर नावाच्या लेखकाचा संस्कृत 'गंधसार'. दुसरा 'गंधवाद', लेखक अज्ञात, आणि त्याच्यावर टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारा मजकूर, तो चक्क मराठीत. गोड्यांनी या मराठी टीकेचा काळ साधारण १३५० ते १५५० असा धरला. म्हणजे ज्ञानेश्वरांनंतर आणि तुकोबांच्या आधी कुणीतरी मराठी माणूस बसून सुगंध कसा करायचा ते मराठीत लिहीत होता.

गंधसारात काम कसं सहा क्रियांत विभागलंय बघा. भावन म्हणजे चूर्णाला सुगंधी रसाची पुटं देणं, पाचन म्हणजे शिजवणं, बोध म्हणजे मंदावलेला वास जागा करणं, वेध, धूपन आणि वासन. पुढे प्रत्येक कामासाठी कृती, आणि शेवटी मालाची पारख. कस्तुरी खरी की खोटी, केशर कोणतं घ्यावं. भेसळ तेव्हाही होती, त्याशिवाय पारखीचं प्रकरण लिहावं लागत नाही.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ती मराठी टीका. संस्कृत श्लोक राजाच्या सभेत शोभतो. काही जुन्या सुगंधग्रंथांत तर कृती कोड्यात, द्व्यर्थी शब्दांत सांगायची पद्धत होती. ज्याला कळेल त्यालाच कळावं. मग कुणाला मराठीत समजावून सांगायची गरज पडली? जो प्रत्यक्ष कुटणार, वाटणार, शिजवणार होता त्याला. माझा आपला अंदाज आहे, पण टीका लिहिणाऱ्यानं ज्ञान घराबाहेर काढलं, एवढं नक्की. दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं छापले. आपल्या शिक्षकांना, फार्मसीच्या प्राध्यापकांना मी विचारून पाहिलं, कुणी नाव ऐकलेलं नव्हतं.

आता जरा फ्रान्सला जाऊ, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. दक्षिण फ्रान्समधलं ग्रास हे गाव मूळचं कातडी कमावणाऱ्यांचं. कातड्याला वास मारतो, म्हणून हातमोजे सुगंधी करायची टूम निघाली. मोजेवाल्यांच्या संघाला १६१४ मध्ये राजाकडून 'मोजेवाले-सुगंधी' असं म्हणवून घ्यायची सनद मिळाली. कातडं आणि अत्तराचं नातं कन्नौजच्या कुप्पीतही आहे आणि तिकडेही, हा योगायोग मला आवडतो. त्यांच्या संघाला नियम होते, उमेदवारी होती, वस्ताद होते. पुढे मोजे मागे पडले आणि सुगंध उरला. १८६८ मध्ये कूमरीन आणि १८७४ मध्ये व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार झालं, आणि अत्तर काढण्याचा धंदा अत्तर रचण्याचा धंदा झाला. तिकडे परफ्यूमरला आता 'नाक' म्हणतात. १९७० पासून त्यांची खास शाळा आहे. २०१८ मध्ये युनेस्कोनं ग्रासच्या या कसबाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पण तिथेही नावाचा प्रश्न सुटलेला नाही बरं का. एक परफ्यूमर बाई नोकरी केलेल्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेल्या. वास मी रचला, मला लेखकासारखा हक्क हवा. जून २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं, सुगंध म्हणजे निव्वळ कसबाचा वापर, त्याला कलाकृतीचा कॉपीराइट नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या नेदरलँड्सच्या सर्वोच्च कोर्टानं दुसऱ्या एका प्रकरणात उलटा निकाल दिला, सुगंधालाही कॉपीराइट मिळू शकतो. एकाच युरोपात तीन दिवसांच्या अंतरानं. सुगंध ही रचना की हमाली, हे मोठमोठ्या न्यायाधीशांनाही एकमतानं सांगता आलं नाही.

आपल्याकडे कोर्टात जाणार कोण? कन्नौजला शमामा नावाचं अत्तर आहे, डझनावारी मसाले आणि वनस्पतींचं. प्रत्येक घराण्याची कृती वेगळी आणि ती घराबाहेर जात नाही. संघ नाही, उमेदवारीचा कागद नाही. मुलानं बापाकडून घ्यायचं, कारागिराच्या पोरानं कारागिराकडून. मुलगा दिल्लीला नोकरीला गेला की कृती संपली. १९९१ पासून तिथे केंद्र सरकारचं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, कन्नौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही आहे. चांगलंच आहे. पण मानांकन गावाच्या नावाला मिळतं, देगेत कान लावणाऱ्याला नाही.

त्यात चंदन गेलं. १७९२ मध्ये टिपूनं चंदनाला शाही झाड ठरवलं, तेव्हापासून म्हैसूर मुलखात स्वतःच्या बांधावरचं चंदनही सरकारचं. ज्याचं झाड त्याला फायदा नाही, मग लावणार कोण, तोडणारेच वाढले. वीरप्पन आपल्याला मिशांसाठी आठवतो, पण त्याचा पाया हा कायदा होता. २००१ मध्ये कर्नाटकानं कायदा बदलून शेतकऱ्याला मालकी दिली, तोवर उशीर झाला होता. भाव असे चढले की स्वस्त अत्तरात चंदनाच्या जागी पॅराफिनसारखी बिनवासाची तेलं आणि रसायनं आली. शंभर रुपयांच्या बाटलीत चंदन शोधू नका.

आणि आता जे लिहितो ते वाचून काही मंडळी नाराज होतील. या सगळ्या पडझडीत कन्नौजला तगवलं कुणी? गुटख्यानं. तंबाखू, पानमसाला आणि जर्दा हे तिथल्या मालाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. केवडा, गुलाब, वाळा, सगळं सुपारीवर शिंपडलं जातं. महाराष्ट्रानं जुलै २०१२ मध्ये गुटखा-पानमसाल्यावर बंदी घातली. बंदीची बातमी आम्हीच छापली, आणि ती टपरीवाला सोडून सगळ्यांपर्यंत पोचली. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट मी जिल्हा रुग्णालयात बघितलेत, त्यामुळे बंदी हवीच या मताचा मी आहे. पण बंदी घालताना त्या केवड्याच्या भट्टीवरच्या माणसाचं काय, हा प्रश्न कुठल्या विधानसभेत निघाल्याचं माझ्या वाचनात नाही. दीड हजार वर्षांची विद्या आणि तिचं पोट पुडीवर.

दुसरी वाट होती, आणि ती मराठी माणसांनी दाखवली होती. मुंबईत १९२२ मध्ये एस. एच. केळकर आणि कंपनी निघाली. साबण, पावडर, उदबत्तीला लागणारे सुगंध करणारी. आज देशातल्या या धंद्यातल्या मोठ्या नावांत ती आहे, २०१५ मध्ये शेअर बाजारातही आली. मुलुंडला केळकर ट्रस्टचं वझे कॉलेज आहे आणि तिथे सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनं या विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा चालतो. म्हणजे जे गंधवादाच्या मराठी टीकाकारानं केलं, तेच इथे वेगळ्या रूपात आहे. बापाकडून नव्हे, वर्गात शिका. फी भरा, परीक्षा द्या, आडनाव काहीही असो.

चाचांचा नातू आपल्याच कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमपीएससीचा क्लास लावायच्या बेतात होता. त्याला या कोर्सचं नावही माहीत नव्हतं, त्याच्या सरांनाही नव्हतं. तो जाईल न जाईल, त्याचा प्रश्न. मुलुंडला राहण्याचा खर्च काही थोडा नाही, चाचांनी पहिला प्रश्न तोच विचारला. अल्पसंख्याक आणि इतर मागासवर्गाच्या शिष्यवृत्तीत असे डिप्लोमा बसतात का, याची चौकशी मी समाजकल्याणच्या कार्यालयात करतोय. उत्तर आलं की इथेच लिहीन.

दरम्यान एक विनंती. आपल्याकडे जुन्या लग्नाच्या खर्चाच्या याद्यांत 'अत्तर-गुलाब' अशी नोंद असायची, किती तोळे, कुणाकडून, काय भावानं. कुणाच्या घरात अशा याद्या, वह्या, अत्तराच्या दुकानाची जुनी पाटी, अत्तरदाणी किंवा कातड्याची कुप्पी असेल तर फोटो काढून मला पाठवा. विशेषतः ज्या यादीत अत्तार कोणत्या गावचा आणि त्याचं नाव काय हे लिहिलंय, ती आधी पाठवा.